दुसऱ्या राज्यातून मुलीच्या कस्टडीची आणि सपोर्टची केस आलीये, काय करू?

पाऊलवाट:
नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय आणि तो असल्या कारणासाठी काढावा लागेल असं वाटलं नव्हतं. मी अमेरिकेत न्यू जर्सीत असतो, एच-१बी व्हिसावर. मुलगी पाच वर्षांची, जन्मापासून इथंच वाढली. घरात दोन वर्षं धुसफूस चालू होती. ऑगस्टच्या मध्यावर बायको म्हणाली बहिणीकडे जाऊन येते थोडे दिवस, दोघांचीही डोकी शांत होतील, आणि मुलीला घेऊन टेक्सासला गेली. मीच एअरपोर्टवर सोडलं. दोन आठवड्यांचा महिना झाला, महिन्याचे दोन झाले, मग एक दिवस व्हिडिओ कॉलवर मुलगीच म्हणाली बाबा माझ्या नव्या टीचर बघ किती छान आहेत, तेव्हा मला कळलं की तिकडच्या शाळेत नाव घातलंय.

आता गेल्या गुरुवारी संध्याकाळी भांडी घासत होतो, बेल वाजली, दारात एक अनोळखी माणूस. नाव विचारलं, मी हो म्हटलं, त्यानं हातात जाड पाकीट दिलं, गुड नाइट म्हणाला आणि गेला. ओल्या हातानं पाकीट उघडलं तर टेक्सासच्या कोर्टात केस, मुलीची कस्टडी आणि चाइल्ड सपोर्ट, म्हणजे तिच्या खर्चासाठी मी द्यायचे पैसे. घटस्फोटाचा त्यात कुठं उल्लेखच नाहीये, हे पण मला कळत नाहीये.

ऑफिसातला एक जण म्हणतो तू टेक्सासमध्ये कधी राहिलेलाच नाहीस तर ते कोर्ट तुझं काही करू शकत नाही, फेकून दे. दुसरा म्हणतो लगेच तिथला वकील करून उत्तर दे नाहीतर मुलगी गेली. दोन रात्री झोप नाही. सपोर्ट द्यायला माझी काहीही ना नाही हे आधीच सांगतो, माझी मुलगी आहे ती. पण सतराशे मैलांवरून हे लढायचं कसं?

आडवाट:
पहिलं काम, पाकिटातला सगळ्यात वरचा कागद काढ. त्यावर सायटेशन, म्हणजे कोर्टाचं समन्स, असं छापलेलं असेल. टेक्सासचा नियम असा आहे की कागद हातात पडल्यापासून २० दिवस संपले की त्यानंतर जो सोमवार येतो त्या सोमवारी सकाळी १० वाजेपर्यंत तुझं उत्तर कोर्टात पोचलेलं पाहिजे. तुला गुरुवारी मिळालं म्हणजे २० दिवस एका बुधवारी संपतात आणि पुढचा सोमवार ही तुझी तारीख, आत्ता जाऊन कॅलेंडरवर गोल कर. मध्ये नाताळ येतोय, वकील लोक सुट्टीवर असतात, त्यामुळे खरे दिवस हातात फार कमी आहेत.

हे मी इतकं घाईनं लिहितोय कारण मी ते पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. मी जॉर्जियात, केस टेक्सासमध्ये, मलाही असाच एक शहाणा मित्र भेटला होता. कोर्टानं माझ्या गैरहजेरीत समोरच्याच्या कागदावर जे लिहिलं होतं तेच मंजूर केलं. नंतर ती ऑर्डर चुकीच्या कोर्टानं दिली हे सिद्ध करायला दोन वर्षं गेली. शेवटी झालं सिद्ध, पण माझा मुलगा तोपर्यंत तीनचा पाच झाला होता आणि पहिल्या भेटीत माझ्याशी इंग्रजीत बोलला.

कोर्टकचेरी:
मी वकील नाही, पॅरालीगल म्हणजे वकिलांची मदतनीस आहे, नऊ वर्षं फॅमिली लॉच्या ऑफिसात काम करतेय. त्यामुळे हे वकिलाकडे जाण्याआधी डोक्यात चित्र स्पष्ट व्हावं म्हणून लिहितेय, वकिलाऐवजी नाही.

तुझे दोन्ही मित्र अर्धं अर्धं बरोबर आहेत आणि म्हणूनच दोघांचंही ऐकू नकोस. एका पाकिटात आलं असलं तरी कस्टडी आणि सपोर्ट या कायद्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'या कोर्टाला अधिकार आहे का' याचं उत्तर दोन्हीकडे वेगळ्या कसोटीवर निघतं.

कस्टडीचं बघ. १९९७ साली एक एकसारखा कायदा तयार झाला, यूसीसीजेईए म्हणतात त्याला, जवळजवळ सगळ्या राज्यांनी तो घेतलाय, टेक्सासनंही आणि न्यू जर्सीनंही. त्यात सगळा भर मुलाच्या होम स्टेटवर आहे. केस दाखल व्हायच्या आधी सलग ६ महिने मूल आईबापापैकी कुणाबरोबर तरी ज्या राज्यात राहिलं ते होम स्टेट. आणि मूल तिथून हलवलं असेल पण आईबापापैकी एक जण अजून तिथंच राहत असेल, तर हलवल्यापासून ६ महिने त्या जुन्या राज्याचा पहिला हक्क टिकतो. तुझी मुलगी ऑगस्टमध्ये गेली, केस डिसेंबरमध्ये, म्हणजे चार महिने. तू तिथंच आहेस. तू सांगतोयस तेवढ्यावरून तरी होम स्टेट न्यू जर्सी दिसतंय.

घटस्फोट का नाही त्याचं कारणही बहुधा हेच असेल. टेक्सासमध्ये घटस्फोट मागायला राज्यात ६ महिने आणि त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ९० दिवस राहिलेलं असावं लागतं. सहा महिने झालेले नाहीत म्हणून नुसती मुलीपुरती केस टाकलीये.

सपोर्टचं वेगळं. तिथं मुलगी कुठं राहते यापेक्षा तुझ्यावर, म्हणजे पैसे देणाऱ्या माणसावर, त्या राज्याचा अधिकार आहे का हे बघतात. त्याचा कायदा यूआयएफएसए. तू त्या राज्यात मुलीबरोबर राहिलास का, तू मुलीला तिथं राहायला पाठवलंस का, तुला त्या राज्याच्या हद्दीत असताना कागद दिले का, तू स्वतःहून मान्य केलंस का, अशा गोष्टी. १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा कुल्को म्हणून निकाल आहे, त्यात बाप न्यूयॉर्कला, आई कॅलिफोर्नियाला. मुलगी आईकडे राहायला जाते म्हणाली तर बापानं हो म्हणून तिकीट काढून दिलं होतं. कोर्टानं म्हटलं एवढ्यावरून कॅलिफोर्नियाला त्याच्यावर सपोर्टचा हुकूम काढता येणार नाही.

आता मेख इथं आहे. कस्टडीचा अधिकार दोघांनी मिळून हो म्हटलं तरी चुकीच्या कोर्टाला मिळत नाही. पण सपोर्टचा मिळतो! तू सरळ नेहमीसारखं उत्तर टाकलंस, काही न बोलता, तर तू आपणहून त्या कोर्टापुढं उभा राहिलास असं धरतात. ते टाळायला टेक्सासमध्ये स्पेशल अपिअरन्स नावाचा अर्ज असतो, 'या कोर्टाला माझ्यावर अधिकार नाही' असं सांगणारा, शपथेवर, आणि तो बाकी कुठलाही कागद टाकायच्या आधी गेला पाहिजे. क्रम चुकला की गेलं. हे स्वतः करायला जाऊ नकोस, तिथला लायसन्स असलेला वकीलच कर. सगळी केस त्याच्या गळ्यात घालायला पैसे नसतील तर फक्त एवढ्याच कामापुरता वकील मिळतो, लिमिटेड स्कोप म्हणून विचार. स्टेट बारच्या, म्हणजे तिथल्या वकील संघटनेच्या, लॉयर रेफरल सर्व्हिसला फोन केलास की नावं मिळतात.

पाऊलवाट:
कोर्टकचेरी, तीन वेळा वाचलं. म्हणजे टेक्सासची केस निघाली की सुटलो?

कोर्टकचेरी:
नाही, आणि हे नीट ऐक कारण लोक इथंच गाफील राहतात. समज टेक्सासची केस काढून टाकली आणि तू शांत बसलास. ऑगस्टपासून ६ महिने म्हणजे फेब्रुवारीचा मध्य. त्यानंतर तिनं तीच केस परत टाकली की टेक्सासच होम स्टेट झालेलं असेल आणि तेव्हा तुझ्याकडे बोलायला काही उरणार नाही. त्यामुळे तिकडे हरकत घेणं आणि इकडे न्यू जर्सीच्या फॅमिली पार्टमध्ये, म्हणजे कोर्टाच्या कौटुंबिक विभागात, तुझी स्वतःची केस दाखल करणं ही दोन्ही कामं फेब्रुवारीच्या मध्याआधी झाली पाहिजेत. एक करून दुसरं सोडलं असं करू नकोस. म्हणजे दोन राज्यांत दोन वकील. महाग आहे, मला माहितीये.

मधली_सुट्टी:
मला एक कळत नाही, त्याची मुलगी आहे, कुठल्याही कोर्टाची ऑर्डर नाहीये आत्ता, तर त्यानं सरळ विमान पकडून शाळेतून मुलीला घेऊन यावं की. तिनं तेच केलं ना? बापानं केलं की गुन्हा आणि आईनं केलं की डोकं शांत करायला गेली. माझ्या मावसभावाचं असंच झालं, तो कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसला आणि चार वर्षांत पोरगा त्याला ओळखेनासा झाला. मी तर म्हणतो घेऊन ये आणि आजी-आजोबांकडे भारतात ठेव थोडे दिवस. खरंच सांगतोय, चीड येते वाचून.

रातराणी:
मधली सुट्टी, तुमच्या मावसभावाचं वाईट वाटलं, पण कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका.

मी या गोष्टीच्या दुसऱ्या बाजूला होते. मी ती आई आहे जी मुलाला घेऊन दुसऱ्या राज्यात गेली. माझं कारण वेगळं होतं, माझा हात मोडला होता आणि मुलानं ते पाहिलं होतं. एक बॅग, मुलाचा इनहेलर आणि पासपोर्ट घेऊन रात्री निघाले. तिथल्या कोर्टात गेले तर जज म्हणाली इथं तुम्ही होम स्टेटमध्ये नाही, पण मूल इथं हजर आहे आणि तुम्हाला धोका आहे म्हणून मी तात्पुरती ऑर्डर देते. इमर्जन्सी ज्युरिसडिक्शन म्हणतात त्याला, आणि ती तात्पुरतीच असते, कायमचं शेवटी होम स्टेटच ठरवतं. त्या काळात एक दिवस नवरा शाळेच्या गेटवर आला. मुलगा गाडीच्या सीटखाली जाऊन बसला होता, त्याला बाहेर काढायला पाऊण तास लागला. त्यानंतर वर्षभर तो शाळेच्या गेटपाशी माझा हात सोडत नव्हता. जो कुणी 'शाळेतून उचलून आण' म्हणतो त्यानं तो पाऊण तास बघायला हवा होता.

पाऊलवाट, तुमच्या घरात तसं काही होतं असं मी म्हणत नाहीये, मला माहीत नाही, इथं कुणालाच माहीत नाही. पण तिच्या अर्जात ती का गेली याबद्दल काय लिहिलंय ते शांतपणे वाचा. वकिलाला दाखवताना 'हे सगळं खोटं' असं एका दमात म्हणू नका, ओळ न ओळ बोला. त्यात जे खरं असेल ते खरं म्हणा.

कोर्टकचेरी:
रातराणी, तुझ्यासारख्या बायकांनी हे लिहिणं फार गरजेचं आहे.

आणि भारतात न्यायच्या गोष्टीवर. अमेरिकेत १९९३ पासून फेडरल कायदा आहे, दुसऱ्या पालकाचा हक्क डावलण्यासाठी मूल देशाबाहेर नेलं किंवा बाहेर ठेवलं तर तो गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद. भारत मुलांच्या परतीच्या १९८० च्या हेग करारात नाही, हे इथल्या प्रत्येक फॅमिली जजला पाठ असतं, म्हणूनच आपल्या लोकांच्या केसमध्ये मुलाचा पासपोर्ट कुणाकडे हा प्रश्न पहिल्या दिवशीच निघतो. आणि राज्याराज्यांतल्या भांडणातही, चुकीचं वागून एखाद्यानं अधिकार मिळवायचा प्रयत्न केला तर कोर्ट त्याची केस ऐकायलाच नकार देऊ शकतं. पाऊलवाटचं पारडं आज जड आहे ते तो नियमानं वागलाय म्हणून.

मधली_सुट्टी:
रातराणी ताई, माफ करा. रागात लिहिलं. मुलाचं त्या बाजूनं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

अंगण:
मी साठी ओलांडलेली बाई, कायद्यातलं मला काही कळत नाही, पण माझ्या लेकाच्या वेळी आम्ही यातून गेलोय म्हणून चार गोष्टी सांगते रे बाळा.

पैसे आजपासून पाठवायला लाग. कोर्ट सांगेल तेव्हा देऊ असं नको. आमच्या लेकानं वर्षभर रोख दिले, कधी भेटीत पाकिटात, कधी कुणाच्या हाती, आणि हिशोबाच्या वेळी त्यातला एक डॉलर दाखवता आला नाही. चेक नाहीतर बँकेतून, आणि त्यावर मुलीच्या नावानं कशाचे ते लिहायचं.

आणि फोन चुकवू नकोस. ठरलेली वेळ म्हणजे ठरलेली वेळ. तिकडच्या आईनं उचलला नाही तर पुन्हा पुन्हा लावत बसू नकोस, भांडू नकोस, एका वहीत तारीख आणि वेळ लिही आणि साधा मेसेज टाक की उद्या परत करतो. वही खरीखुरी ठेव, कागदाची. आमच्या वकिलाला ती वही फार कामाला आली. मुलीला केसबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. आई काय म्हणते, मावशी काय म्हणते, काही नाही. शाळेत काय शिकवलं, दात हलतोय का, हे बोलायचं.

जेवतोस ना नीट?

आडवाट:
अंगण काकूंच्या बोलण्यात एक जोड. पाऊलवाट, मुलीला भेटायला टेक्सासला जावंसं वाटणार, जाच, पण आधी वकिलाशी बोलून जा. त्या राज्यात पाय ठेवलेला असताना तुझ्या हातात सपोर्टचे कागद दिले तर त्या राज्याला तुझ्यावर अधिकार मिळू शकतो, वर लिहिलंय ते. कस्टडीच्या सुनावणीसाठी गेलास तर त्या कारणानं थोडं संरक्षण आहे कायद्यात, पण सगळ्या प्रसंगांना नाही. बरीच कोर्टं लांबच्या माणसाला व्हिडिओवरून हजर राहू देतात, सपोर्टच्या कायद्यात तर फोननं किंवा व्हिडिओनं साक्ष द्यायची सोयच आहे, वकिलाला आधीच अर्ज करायला सांग.

पाऊलवाट:
सगळ्यांचे आभार. काकू, जेवतोय. टेक्सासचा वकील मिळाला, स्पेशल अपिअरन्स मुदतीच्या चार दिवस आधी दाखल झाला. न्यू जर्सीतल्या वकीलबाईंनी इकडची केस तयार केलीये. त्यासाठी एक शपथपत्र भरायला दिलं, त्यात मुलगी गेली ५ वर्षं कुठं कुठं राहिली आणि कुणाबरोबर, पत्त्यासकट. मला वाटलं पाच मिनिटांचं काम. बसलो तर आधीच्या अपार्टमेंटची लीज सापडेना, पाळणाघराचे महिने जुळेनात. मुलांच्या डॉक्टरांकडून लसींची यादी मागवली, त्यावर तारखा सलग आहेत, जन्मल्यापासून या जुलैपर्यंत. पाळणाघराच्या पावत्या मिळाल्या. रविवारच्या मराठी शाळेच्या बाईंनी दोन वर्षांची हजेरी स्वतःहून काढून पाठवली, त्यात एका रकान्यात लिहिलंय 'ळ छान म्हणते'. ते वाचून मी काम थांबवून बाहेर चक्कर मारून आलो.

तिचा अर्जही ओळ न ओळ वाचला, रातराणी ताई. हात वगैरे कधी नाही, पण मी तीन-तीन दिवस बोलायचो नाही असं तिनं लिहिलंय. ते खरं आहे. वकिलाला तसंच सांगितलं.

आता प्रश्न सपोर्टचा. टेक्सासमध्ये किंवा इथं, आकड्यात फरक पडतो का? माझा वकील म्हणतो पडतो पण तो नंतरचा विषय.

कोर्टकचेरी:
पडतो. टेक्सास फक्त देणाऱ्याच्या निव्वळ उत्पन्नावर टक्का लावतं, एका मुलाला २०, दोघांना २५, वर उत्पन्नाची एक मर्यादा धरून. न्यू जर्सी दोघांचं उत्पन्न एकत्र करून ज्याच्या त्याच्या वाट्यानं विभागतं. मुलगी बापाकडे किती रात्री राहते तेही त्यात येतं. किती वर्षं द्यायचं त्यातही फरक आहे. टेक्सासमध्ये साधारण १८ किंवा हायस्कूल संपेपर्यंत, जे उशिरा असेल ते. न्यू जर्सीत १९, आणि कॉलेज वगैरे कारणांनी मागणी केली तर २३ पर्यंत. आणि पहिली ऑर्डर ज्या राज्यानं काढली त्याचाच कालावधी पुढंही चालतो, मग कुणी कुठंही राहायला गेलं तरी. म्हणजे तुझ्यासाठी न्यू जर्सी स्वस्तच पडेल असं काही नाही. आकडा बघून राज्य निवडायला जाऊ नकोस.

आणि हेही लक्षात घे, टेक्सासला तुझ्यावर अधिकार नाही ठरलं तरी ती तिथल्या सरकारी चाइल्ड सपोर्ट ऑफिसमार्फत न्यू जर्सीला अर्ज पाठवू शकते. त्यासाठीच तो यूआयएफएसए कायदा आहे. सपोर्ट चुकत नाही आणि चुकूही नये, फक्त कुठलं कोर्ट ठरवणार एवढाच वाद आहे. एकदा ऑर्डर झाली की हप्ता थकवू नकोस. १९८६ पासून फेडरल नियम आहे की थकलेला हप्ता कुठलाही जज मागे जाऊन कमी करू शकत नाही. नोकरी गेली तर त्याच आठवड्यात कमी करायचा अर्ज टाकायचा, कारण अर्जाची नोटीस गेल्यानंतरच्याच हप्त्यांना हात लावता येतो. आमच्या ऑफिसात येणारी निम्मी रडारड याच एका गोष्टीवरून असते, ले-ऑफ झाला, नवी नोकरी मिळेल म्हणून थांबले आणि आठ महिन्यांची थकबाकी कायमची मानगुटीवर बसली.

रातराणी:
'तसंच सांगितलं' हे वाचून बरं वाटलं.

एक काळजी. तुमच्या बायकोचा वकील कदाचित म्हणेल की न्यू जर्सी होम स्टेट असलं तरी गैरसोयीचं आहे, आता मुलगी, शाळा, मावशी सगळं टेक्सासला, तिकडेच चालवा. होम स्टेटच्या जजला तसं ठरवून केस दुसरीकडे सोपवता येते. घरातली मारहाण, अंतर, दोघांची आर्थिक स्थिती, पुरावा कुठं आहे, हे सगळं बघतात. माझी केस तशीच सोपवली गेली होती. तेव्हा मनाची तयारी ठेवा.

आणि दुसरं, इथं फार तपशील लिहू नका. स्क्रीनशॉट काढून कोर्टात लावतात. रागाचं एक वाक्य पुरतं.

पाऊलवाट:
बरोबर आहे. म्हणून निकाल लागेपर्यंत इथं येणार नाही.

(पाच महिन्यांनी)

पाऊलवाट:
बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं म्हणून लिहितोय. वकिलाला दाखवून लिहितोय.

जानेवारीच्या शेवटी दोन्ही राज्यांचे जज एकमेकांशी फोनवर बोलले. मला हे माहीतच नव्हतं की असं होतं! कायद्यातच तशी तरतूद आहे, त्याचं रेकॉर्ड होतं, आमच्या केसमध्ये दोन्हीकडच्या वकिलांना ऐकू दिलं. मी लंच अवरमध्ये गाडीत बसून वकीलबाईंच्या फोनची वाट बघत होतो. चौदा मिनिटं चालला म्हणे तो कॉल. माझ्या मुलीची पाच वर्षं, लसींची यादी, भाड्याची घरं, सगळं त्या चौदा मिनिटांत. टेक्सासच्या जजनं कस्टडीचा भाग काढून टाकला, सपोर्टचाही, माझ्यावर अधिकार नाही म्हणून. इकडे तिच्या वकिलानं गैरसोयीचा मुद्दा काढला, रातराणी ताई म्हणाल्या तसाच. जजनं तो ऐकून घेतला आणि नाकारला.

मला वाटलं होतं जिंकल्यावर मुलगी परत येईल. तसं झालं नाही. इथं कस्टडीचा वाद आधी मीडिएशनला, म्हणजे त्रयस्थाच्या मदतीनं समेट करायला, पाठवतात, तिथं आम्ही दोघं आठ महिन्यांनी पहिल्यांदा एका खोलीत, म्हणजे ती स्क्रीनवर, मी टेबलाशी. मीडिएटरनं विचारलं मुलीचा एक साधा मंगळवार मला सांगा. तिनं सांगितला, उठण्यापासून झोपेपर्यंत, डबा, बस, मावशीकडची संध्याकाळ. मग मला विचारलं माझ्याकडे असती तर तिचा मंगळवार कसा असता. मी सकाळी सातला निघतो, साडेसहाला येतो. मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलो.

तर ठरलं ते असं. शाळेचं वर्ष ती आईकडे, टेक्सासला. उन्हाळ्यात सहा आठवडे माझ्याकडे, थँक्सगिव्हिंग आणि नाताळ आळीपाळीनं, महिन्यातून एक वीकेंड मी तिकडे जाऊ शकतो, आणि आठवड्यातून चार दिवस व्हिडिओ कॉल वेळेसकट लिहिलेला. मी इथं राहतो तोवर पुढचे बदलही न्यू जर्सीचंच कोर्ट करेल. सपोर्ट इथल्या हिशोबानं, विमानाचा खर्च धरून, थेट पगारातून कापला जातो. मुलीचा पासपोर्ट दोघांच्या सहीशिवाय वापरायचा नाही असं लिहून घेतलंय, ते मीच सुचवलं. वकिलांवर माझी दीड वर्षाची बचत गेली.

आडवाट, ते पाकीट मी ड्रॉवरमध्ये टाकणारच होतो. धागा काढल्यावर पहिलं उत्तर तुमचं आलं.

आडवाट:
वाचून फार फार बरं वाटलं रे. सहा आठवडे सलग मिळतायत, आमच्या वेळी तीन होते.

मधली_सुट्टी:
भावा, मी जे बोललो होतो ते तू ऐकलं नाहीस म्हणून देवाचे आभार.

पाऊलवाट:
जूनमध्ये ती येतेय. मी आणायला जाणार आहे, पण ऑगस्टमध्ये परत पाठवताना ऑफिसातून सुट्टी मिळेल असं दिसत नाही. तोवर ती सहाची झालेली असेल. तिची आई म्हणते एकटी येऊ दे, एअरलाइनची माणसं सांभाळतात. कुणी पाठवलंय का इतक्या लहान मुलाला एकटं?

अंगण:
आमची नात सहाव्या वर्षापासून जाते. बऱ्याच एअरलाइन्स पाच पूर्ण झाल्यावर घेतात, पण इतक्या लहानांना विमान न बदलता जाणाऱ्या फ्लाइटनंच. वेगळी फी असते, तिकडे घ्यायला येणाऱ्याचं नाव आणि ओळखपत्र आधीच नोंदवायला लागतं. त्यामुळे तिची आई येणार की मावशी ते आधी ठरवा, ऐनवेळी बदललं की गोंधळ होतो. शक्यतो सकाळचं विमान घे, उशीर झाला तरी दिवस हातात राहतो. गळ्यात एक पाकीट अडकवतात त्यात तुम्हा दोघांचे नंबर घाल. काउंटरवर गेट पास माग, म्हणजे तुला तिच्याबरोबर आतपर्यंत जाता येतं. आणि विमान सुटेपर्यंत गेटवरून हलायचं नसतं, तसा नियमच आहे, म्हणजे त्या दिवशी सकाळची अर्धी सुट्टी तरी टाकच.